चर्चमधलं तीर्थ

परवा अमेरिकेतल्या आमच्या शुगर लँड गावच्या उकाड्यात फुलदाणीतलं शिळं पाणी सिंकमध्ये ओतलं, आणि त्या कुजकट वासासरशी माझी जीभ थेट ऐंशीच्या दशकात पळाली.

सासूबाईंना नागपूरहून अमेरिकेला आणताना मी, बायको आणि लेक वाटेत युरोपात उतरलो होतो. जुन्या गावातलं ते चर्च इतकं पुरातन, की आत पाऊल टाकताच माझे केस पिकायला लागले. दाराशी दगडी कुंडात पाणी. सासूबाईंनी त्यात बोटं बुडवली, डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाल्या, "जावईबापू, तीर्थ! घ्या."

लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्याशी गोड बोलत होत्या. मी ऐटीत उजव्या तळव्यात पाणी घेतलं आणि भुरका मारला.

अरारारा! शेवाळ, मेण, कबुतरं आणि अख्ख्या युरोपची बोटं एका घोटात! जिभेवर काहीतरी बुळबुळीत वळवळलं, शपथ! थुंकलो तर मिळालेला मान जाणार, म्हणून गिळलं.

"ईऽऽ, बाबा, ग्रोस!" लेक किंचाळली. "ते फक्त बोटं बुडवायला असतं!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तीर्थ तीनदा घेतात."

आणखी दोनदा घेतलं. मग सासूबाईंनी माझी पाठ चांगली दोनदा थोपटली. त्या शाबासकीवर मी इतकी वर्षं काढली.

परवा फुलदाणी विसळताना बायकोला त्या शाबासकीबद्दल सांगितलं, तर ती हसून खालीच बसली.

"अहो, शाबासकी कसली? आईनं बोटांचा वास घेतला होता. तुमच्या कोटाला हात पुसत होती ती!"