सगळ्यांत मागचा

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मी सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, ते मी मानत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय...

२००६ च्या सुमारास मी आणि माझा नवरा समीर लंडनजवळ क्रॉयडनला राहायचो. शेजारी मिस्टर हॅरिस, नव्वदीकडे झुकलेले, एकटे. महायुद्धात फायटर पायलट होते, एवढंच ठाऊक होतं. नागपूरहून माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आल्या होत्या. त्यांचं इंग्रजी 'थँक्यू'ला संपायचं, तरी कुंपणावरून दोघांच्या खाणाखुणा तासभर चालायच्या आणि माझ्या वाटची भजी पलीकडे जायची.

रविवारी आम्ही त्यांना कारने जवळच्या, युद्धाच्या काळातल्या जुन्या एअरफील्डवर न्यायचो. तिथे आता लोक कुत्री फिरवतात. एका कडेला टेकडी सरळ खाली तुटलेली आहे. त्या दिवशी नोव्हेंबरातली दुपार होती. गुडघ्यांमुळे आई नेहमीसारख्या मागे होत्या.

मिस्टर हॅरिस त्या दिवशी पहिल्यांदाच युद्धाबद्दल बोलले, दोन्ही तळहात विमानांसारखे धरून. पुस्तकी पद्धत अशी, की तीन विमानं अगदी खेटून उडायची. सगळ्यांचं लक्ष लीडरच्या पंखाकडे, मागे बघायला कोणी मोकळंच नाही. माणसं भराभर मरू लागली. मग मिस्टर हॅरिसनी एकाला मागे ठेवून पाहिलं. त्याने डावी-उजवीकडे नागमोडी उडत सगळ्यांची पाठ राखायची. पण त्याची पाठ राखायला कोणी नसे, आणि तो कधी गेला ते कोणाला कळतही नसे. शेवटी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मीठ-मिरीच्या डब्या मांडून स्वतःच नवी रीत बसवली – जोडीने, अंतर ठेवून उडायचं, एकमेकांची पाठ बघायची. वरिष्ठांना विचारलंसुद्धा नाही.

"ते सुचण्याच्या थोडं आधी," ते म्हणाले, "मागे मी एका एकोणीस वर्षांच्या मुलाला ठेवलं होतं."

आम्ही दोघं त्यांच्या हातांकडेच बघत होतो. धुकं कधी उतरलं कळलं नाही. मागे वळलो तर आई नव्हत्या.

 तो उतार... समीर हाका मारत धावला. मी मिस्टर हॅरिसना धरून एअरफील्डच्या फाटकाशी उभी राहिले. मनात नको नको ते येऊन गेलं. बऱ्याच वेळाने आई धुक्यातून चालत आल्या. एकट्या, अगदी शांत.

"तो पोरगा गेला वाटतं," त्या म्हणाल्या.

"कोण पोरगा, आई?"

"माझ्या मागे होता ना. सरळ चालेच ना बाप्पा, या बाजूनं त्या बाजूला, अन् मान सारखी मागे. मी कडेला सरकली की मधे यायचा. मान घासून घासून लाल झाली होती पोराची. म्हटलं, चल घरी, चहा घे. तर मान हलवली अन् परत मागे गेला."

मिस्टर हॅरिसनी विचारलं, काय म्हणतात त्या. मी शब्द न् शब्द सांगितला. मानेपाशी आल्यावर त्यांनी फाटक घट्ट धरलं.

"सारखं मागे बघून कॉलर मानेला कापते," ते म्हणाले. "म्हणून आम्ही सिल्कचे स्कार्फ घालायचो. तो नवीन होता. त्याच्याकडे नव्हता."

हे ते आम्हाला आधी बोलले नव्हते. आणि आईंना तर ते काहीच कळलं नसतं.

"यांना विचार," आई म्हणाल्या, "त्याला घरी कोणी बोलावत नाही का?"

मी विचारलं.

"उतरल्यावर कळलं, तो नाही," ते म्हणाले. "मग आम्ही नाश्ता केला."

पुढच्या रविवारी त्यांनी एक जुना सिल्कचा स्कार्फ आणून फाटकाला बांधला. त्यानंतरच्या रविवारी तो नव्हता. कोणीही नेला असेल, मान्य. त्याच हिवाळ्यात मिस्टर हॅरिस गेले.

मी मुद्दाम धुक्यात कितीदा तरी तिथे जाऊन आले. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. ऑफिसात असा बग आम्ही बंद करून टाकतो. हा माझ्याच्याने बंद होत नाही. नागपूरहून आईंचा फोन आला की पहिला प्रश्न, "धुकं पडलं का गं तिकडे?"

इथे फाटक उघडं टाकणं फार वाईट समजतात. मी तिथून निघताना "चल रे, घरी चल" म्हणते आणि ते लावत नाही.