पडवीचा पत्रा

संशय घेणं हा माझा जुना स्वभाव. दूधवाल्यानं माप भरून घातलं तरी मी भांडं कलतं करून बघतो. बायको म्हणते, "तुम्हाला देव प्रसन्न झाला तर आधी त्याचं आधारकार्ड मागाल." मला या स्वभावाचा थोडा अभिमानच होता. भवानी पेठेतला आमचा आठ मागांचा टॉवेलचा कारखाना याच स्वभावावर टिकला, असं मी चारचौघांत सांगायचो. आता सांगत नाही. याच स्वभावापायी अक्कांचा जीव जाता जाता राहिला.

अक्का माझ्याकडे कांड्या भरायच्या. मागावरची आडव्या धाग्याची कांडी संपली की दुसरी भरलेली हाताशी लागते, आणि आठही मागांच्या कांड्या त्या एकट्या भरत. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि रागावल्या की दोन्ही. वयानं माझ्यापेक्षा मोठ्या, वडिलांच्या वेळेपासून कामाला. त्यांचं मशीन मागच्या पडवीत होतं. पडवी म्हणजे मी नंतर भिंतीला टेकवून काढलेली पत्र्याची खोली. महापालिकेच्या कागदावर ती नव्हती.

हिवाळ्यात आमच्या कारखानदारांच्या संघटनेची आणि महापालिकेची बैठक झाली. हे दोघे एका टेबलाशी बसलेत म्हटल्यावरच माझे कान टवकारले. उन्हाळा दरवर्षी चढत चाललाय, पत्र्याखाली माणसं भाजताहेत, शहरानं आणि उद्योगांनी मिळून काहीतरी करायला हवं, असं बोलणं झालं. ठरलं ते असं : महापालिका पत्र्यांना ऊन परतवणारा पांढरा रंग देणार, लावायला माणसंही देणार. बदल्यात आम्ही कडक उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार माग बंद ठेवायचे आणि सकाळी लवकर सुरू करायचे. टाळ्या पडल्या. मी शेजारच्याच्या कानात म्हणालो, "फुकट रंग कोण देतं? आज छतावर चढतील, उद्या टेप काढून बांधकाम मोजतील."

पाहणीला महापालिकेची एक तरुण इंजिनिअर बाई आली. त्याआधीच मी पडवीच्या पत्र्यावर जुनी पोती आणि मोडकी खोकी पसरून ठेवली होती. अक्कांना सांगितलं, "ती बाई जाईपर्यंत मशीन बंद ठेवा. आतच बसा. आवाज करू नका." आणि बाहेरून कुलूप घातलं.

आम्ही पुढच्या शेडच्या छतावर चढलो. बाईंच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. मी विचारलं, "हे काय मोजतं?"

"पत्रा किती तापलाय ते."

मला काही ते पटलं नाही. त्या यंत्राचं तोंड पडवीकडे वळलं की मी मधे जाऊन उभा राहायचो.

"ते खालचं कुणाचं?" त्यांनी विचारलं.

"शेजाऱ्याचं. भंगार आहे."

त्यांनी तिकडे एकदा बघून वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या उतरल्या. त्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्यावर मी कुलूप काढलं. अक्का स्टुलावर तोंडाला पदर लावून हसत होत्या. "मालक, मी चोर हाय का पोलीस?" मीही हसलो. तेव्हा थंडीचे दिवस होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला रंग लागला. पुढच्या शेडमध्ये फरक इतका पडला, की मला आधी थर्मामीटरचाच संशय आला. पण विणकर भिंतीला टेकून सुखानं डबा खाताना दिसायला लागले, तेव्हा मानावंच लागलं. अक्काही जेवायला तिथंच येऊन बसत. जरा जास्तच वेळ बसतात, असं मला वाटे.

एकदा त्या म्हणाल्या, "मालक, डब्यात रंग उरलाय की. माझ्या पत्र्याला तेवढा मारा. आत लई तापतंय."

"पांढरा पत्रा वरून लगेच नजरेत भरतो, अक्का. पुढच्या वर्षी बघू."

मे महिन्यात दुपारी माग बंद झाले. ठरल्याप्रमाणे महापालिकेचा एक आणि संघटनेचा एक अशी दोन माणसं गल्लीगल्लीतून फिरायची. मागाची खटखट ऐकू आली की आत शिरून बंद करायला लावायची. पण चार वाजता माग सुरू करायचे तर कांड्या भरलेल्या हव्यात, आणि कांडीच्या मशीनचा आवाज काही रस्त्यापर्यंत जात नाही. विणकर आडवे झाले की मी अक्कांना पडवीत पाठवायला लागलो. ती दोघं ओट्यावर आली तर मशीन बंद करून गप्प बसायचं, हेही सांगून ठेवलं. शहरानं केलेला करार मी असा पाळत होतो.

एका दुपारी ती दोघं आली. मी ओट्यावर बसवून ताक दिलं. पांढऱ्या पत्र्याची तोंडभरून स्तुती केली, आमच्या माणसांना केवढा आराम मिळाला म्हणून सांगितलं. पडवीतली घरघर थांबली होती. अक्का हुशार, असं मनात म्हटलं.

ती दोघं निघून गेली तरी मशीन सुरू होईना. तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं, ते लिहायची लाज वाटते. वाटलं, म्हातारीनं डोळा लावला असणार. तिला रंगेहाथ पकडायला मी चपला काढून, पाय न वाजवता गेलो.

अक्का मशीनशेजारी कुशीवर पडल्या होत्या. अंग चुलीवरच्या तव्यासारखं तापलेलं, त्यावर घामाचा टिपूस नाही. मुठीत अर्धी भरलेली कांडी होती. मी ओरडलो, विणकर धावले, आम्ही त्यांना रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, की आणखी थोडा उशीर झाला असता तर आणायची गरज उरली नसती.

चौथ्या दिवशी मी महापालिकेत गेलो आणि त्या इंजिनिअर बाईंना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या, त्याचा जास्त त्रास झाला.

"पडवी तेव्हाच दिसली होती," त्या म्हणाल्या. "आमचं काम रंगाचं, बांधकामाचं खातं वेगळं. तुम्ही भंगार म्हणालात म्हणून सोडली. तिथं माणूस बसतं, एवढं जरी सांगितलं असतंत तरी रंगवली असती."

अक्का घरी आल्यावर भेटायला गेलो. त्या तक्रार करतील का, हा संशय वाटेत माझ्या सोबत होताच. त्या खाटेवर बसल्या होत्या. पाण्याचा पेला धरायला सुनेचा हात लागत होता.

"अक्का," मी म्हणालो, "चक्कर आली तेव्हा हाक का नाही मारली? मी पलीकडेच होतो."

त्यांनी पेला सुनेकडे दिला.

"तुमचं बोलणं ऐकू येत हुतं की. ती दोघं ओट्यावर हुती." मग माझी समजूत काढावी तशा म्हणाल्या, "तुमी सांगितलं हुतं न्हवं, आवाज करू नका म्हणून? मी केला न्हाय, मालक."