मावशीचे तीन प्रश्न

गर्ट्रूड मावशी माझ्या आईची थोरली बहीण. कळव्याला राहते, रोज सकाळी चर्चमध्ये मिस्साला जाते आणि आयुष्यात तिने कधी कुणाचं ऐकलेलं नाही. तिच्या नवऱ्याने, सिल्वेस्टर काकांनी, जन्मभर तिच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावली. न विचारता त्यांनी एकच गोष्ट केली, ती म्हणजे गेल्या वर्षी एका मंगळवारी पहाटे हॉस्पिटलात डोळे मिटले.

चर्चमध्ये मावशीला सगळे ओळखतात ते मदत फंडामुळे. कुणाच्या घरात माणूस गेला आणि दफनाला पैसे नसले की फंडातर्फे मावशी त्या घरी जायची. पेटी, गाडी, कबर खणणाऱ्यांची मजुरी, सगळं फंड बघायचा. पण त्याआधी मावशी त्यांच्या स्वयंपाकघरात स्टूल ओढून बसायची आणि तीन प्रश्न विचारायची. कमावतं कोण आहे? घरात सोनं आहे का? आणि मुलं कुठे आहेत, ती का देत नाहीत?

"मावशी, रडणाऱ्या माणसाला असलं विचारवतं तरी कसं तुला?" मी एकदा चिडून विचारलेलं.

"लोकांचा पैसा आहे, रोवेना. न विचारता वाटत सुटलं तर उद्या गाडी-बंगलेवाले रांग लावतील."

गाडी-बंगलेवाला एकही आला नाही. आले ते रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या बायका, नोकरी गेलेले. ते मान खाली घालून उत्तरं द्यायचे आणि नंतर रस्त्यात मावशी दिसली की वाट बदलायचे. फंडाचे प्रमुख ऑलिव्हर अंकल, त्यांनाही हे खटकायचं. पण मावशीच्या तोंडी लागणार कोण?

तर त्या मंगळवारी मी वर्तकनगरहून धावत हॉस्पिटलात पोचले. काकांची कंपनी केव्हाच बंद पडली होती. डायलिसिसमध्ये शिल्लक गेली, मावशीच्या बांगड्या गेल्या. शेवटचं बिल मी भरलं तेव्हा कुठे काका ताब्यात मिळाले, आणि माझ्या खात्यात खडखडाट झाला. नौपाड्यातल्या एका दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या बाईचा पगार तो केवढा! काकांना घरी आणलं. मिस्सा चार वाजता ठरली. पेटीवाला सुदेश म्हणाला, आधी पैसे, मग पेटी.

"मी ऑलिव्हर अंकलना फोन करते," मी म्हटलं.

"खबरदार! ज्यूड पाठवेल."

ज्यूड तिचा एकुलता एक मुलगा, कॅनडात असतो. तो महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतो, असं मावशी सगळ्या चर्चला सांगायची. मी त्याला फोन लावत राहिले. मेसेज टाकला, 'डॅडी गेले, लगेच फोन कर.' दोन निळ्या खुणा उमटल्या. म्हणजे वाचलंन. उत्तर नाही. तो समोर असता तर मी त्याच्या मुस्काटात मारली असती.

शेवटी मी दुसरा मार्ग काढला. आमच्याकडे मयताला प्रत्येक घरातून फुलांचं चक्र येतं. ती चक्रं दुसऱ्या दिवशी सिमेट्रीत कुजतात. तेवढ्या पैशांत एक काय, दोन पेट्या आल्या असत्या. मी मावशीच्या फोनवर चर्चच्या ग्रुपसाठी मेसेज लिहिला: 'कृपया फुलं आणू नयेत. त्याऐवजी अंत्यविधीच्या खर्चाला हातभार लावावा.' एवढ्यात सुदेशने हाक मारली म्हणून खाली गेले. तेवढ्या वेळात मावशीने दुसरं वाक्य पुसलं आणि मेसेज पाठवून दिला.

दुपारपासून माणसं यायला लागली. सगळी रिकाम्या हातांनी!

"किती साधेपणा!" एक बाई डोळे टिपत म्हणाली. "नाहीतर फुलांवर काय उधळपट्टी करतात लोक."

"सिल्वेस्टरचीच इच्छा असणार," दुसरी म्हणाली.

मला किंचाळावंसं वाटलं. मी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हाताकडे बघत होते, आणि स्वतःचीच लाज वाटत होती. खालून सुदेशचा फोन. "मॅडम, पेटी उतरवू का परत नेऊ? दुसरी पार्टी थांबलीये."

तेवढ्यात ऑलिव्हर अंकल आले. मी त्यांना जिन्यात गाठून सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं, मी आत्ता देतो. पण घरच्यांनी तोंडाने मागायला पाहिजे, हा नियम तिनेच केलाय. तिला न विचारता दिले तर ती मला पेटीसकट खाली पाठवेल."

मी तरातरा स्वयंपाकघरात गेले. मावशी ओट्याशी पाठ करून उभी होती.

"मावशी, काकांना चादरीत गुंडाळून नेऊ का? सांग, तसं करते!"

ती वळली नाही. अंकल माझ्या मागोमाग आलेले. ते हळूच म्हणाले, "गर्ट्रूड, काही सांगू नकोस. नुसतं हो म्हण."

"विचार," मावशी म्हणाली.

"नको गं."

"मी सगळ्यांना विचारलं. मलाही विचार."

मग मावशीने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि न विचारताच उत्तरं दिली. "कमावतं कुणी नाही. सोनं नाही." तिथे ती अडली. बाहेरच्या खोलीतली कुजबुज थांबली होती. मावशीने आवाज चढवला, मुद्दाम, सगळ्यांना ऐकू जाईल इतका. "मुलगा कॅनडात आहे. त्याने कधीच काही पाठवलं नाही. का, ते मला माहीत नाही. मी खोटं बोलत होते."

सुदेशला पैसे मिळाले, पेटी वर आली. आणि मग बघता बघता बायकांच्या पर्समधून पैशांची पाकिटं निघायला लागली. सकाळपासून तयार होती म्हणे! ज्यूडच्या आईला कशी द्यायची, म्हणून कुणी काढली नव्हती. मला त्यांचाही राग आला आणि मावशीचा तर फारच आला. एवढ्याशा गोष्टीपायी दिवसभर काकांसाठी धड रडताही आलं नाही मला.

मावशी दोन महिने फंडाकडे फिरकली नाही. मग एक दिवस अंकलनी तिला कळव्यातल्याच एका घरी जायला सांगितलं. मलाही तिने बरोबर ओढलं. बियांका नावाची मुलगी, वीस-बावीसची, तिची आई रात्री गेली होती. मावशीने स्वयंपाकघरात जाऊन स्टूल ओढलं. मी मनात म्हटलं, झालं सुरू.

बियांकाला मावशीची कीर्ती ठाऊक असावी. तिने कानातले आधीच काढून मुठीत धरले होते. मूठ उघडून पुढे करत ती भराभर बोलायला लागली, "आंटी, सोनं एवढंच आहे. आणि भाऊ पुण्याला असतो, तो..."

मावशीने तिची मूठ मिटवली.

"घाल ते कानात," ती म्हणाली. "आई केवढी उंच होती, ते सांग. पेटी सांगायचीय."