नरहरचा सढळ हात

रायपूरच्या गुढियारीत रुळांच्या पलीकडे नरहर ढोमण्याचं प्लेटिंगचं शेड आहे. लोखंडी नट-बोल्टांवर जस्त चढवायचं, एवढाच धंदा. पण काय सांगावं या माणसाचं! पाहुण्याला वाढायला लागला, की पाहुण्यानं हात जोडावेत. आणि टाकीत बोल्ट सोडला की बाहेर काढायचं नाव नाही. करंट जितका वेळ चालू, तितका थर जाड, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर काढत नव्हता.

त्याला कारणही तसंच होतं. त्याचा बाप सायकलींच्या हँडलांना पातळ मुलामा द्यायचा. वर्षाच्या आत गंज धरायचा, आणि गिऱ्हाईक दारात येऊन चारचौघांत बापाची अब्रू काढायचं. लहानग्या नरहरनं ते दाराआडून ऐकलं होतं. आपल्या हातचं काम गंजलं असं कुणी म्हणता कामा नये, हे त्यानं तेव्हाच मनाशी बांधलं.

मग शहराबाहेर नवा रायपूर हे नवं शहर उभं राहू लागलं, आणि तिथल्या बसथांब्यांवरच्या बाकांचे बोल्ट नरहरकडे आले. एवढं मोठं काम जन्मात पहिल्यांदा! गड्यानं जीव ओतला आणि जस्तही ओतलं.

थोड्याच दिवसांत त्या कामावरचा सुपरवायझर सुशील बोल्टांचं पोतं परत घेऊन आला. मराठीच पोरगा, पण बोलणार हिंदीत. त्यानं बोल्टावर नट फिरवला. आट्यांवर जस्त इतकं चढलेलं, की नट अर्ध्यात रुतून बसला.

"काका, आठ मायक्रॉन बोला था. आपने तो पूरी रजाई ओढ़ा दी!"

"गंज नाही येनार बाबू, लिहून देतो."

"नट ही नहीं चढ़ेगा तो बेंच कैसे कसेंगे? अब की वापस आया तो काम दूसरे को जाएगा."

"हव, हव," नरहर पुटपुटला.

सारे बोल्ट तेजाबात घालून जस्त उतरवावं लागलं. आपलंच काम आपल्याच हातानं खरवडायचं! त्या दिवशी त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पुन्हा टाकी भरली. त्याची बायको वनमाला बोल्ट तारेला अडकवून द्यायची. मधूनच एखादा बाहेर काढून ती नट लावून बघत होती.

"अवो, बंद करा आता. नट बरोबर चालून राहिला."

"थोडं राहू दे."

"मघापासून थोडंच म्हनून राहिले तुम्ही."

"येवढं पातळ सोडलं त लोकं काय म्हनतीन वं? बापावर गेला म्हनतीन!"

त्याचा हात बटणापर्यंत जाई आणि मागं येई. शेवटी वनमालानं पदर खोचला, नवऱ्याला बाजूला सारलं आणि बटण दाबून करंट बंद केला. नरहर असा भडकला! नाव बुडवलंस माझं, म्हणाला. जेवलाही नाही. दुसऱ्या दिवशी माल पोचवायला गेला तो तोंड पाडूनच.

तिथं सुशीलनं नट लावला, तो नुसत्या बोटानं तळापर्यंत गेला. त्यानं यंत्र टेकवून थर मोजला, मान डोलावली आणि पुढच्या बोल्टांची पोती नरहरच्या हवाली केली.

घरी येऊन नरहर ताटावर बसला. वनमाला वाढत होती. भात कालवता कालवता तो म्हणाला, "यापुढं बटन तूच दाबत जा. मले नाही जमत."

"मले तरी कुठं जमलं?" ती म्हणाली. "डोये मिटले अन् दाबलं. रातभर झोप नाही मले."