दुसऱ्या शाईचे टिकमार्क

हैदराबादेत, नारायणगुड्यात आमच्या खालच्या मजल्यावर बँकेतून रिटायर झालेले एक काका राहत. कुणीही कागद आणला की ते शेवटच्या पानापासून वाचायला घेत. "बारीक अक्षर मागेच असतं, ताई," म्हणत.

खाजगी विमा तेव्हा नवा होता. घरकर्ज देताना बँकेने तो माझ्या यजमानांच्या गळ्यात मारला. हे गेल्यावर मात्र, साखरेचा आजार लपवला म्हणून कंपनीने पैसे नाकारले.

"यांनी बँकेत माझ्यासमोर सांगितलं होतं," मी म्हणाले.

काकांनी फॉर्मवर बोट ठेवलं. "सही तुमच्या मालकांची. लेकिन 'आजार नाही'वरचे टिकमार्क दुसऱ्या शाईचे. बँकेतल्याच माणसाचे. तक्रार करा, मी लिहून देतो."

"इतकं नक्की कसं सांगता?"

"नोकरीच्या शेवटी मीही तेच करत होतो. वरून टार्गेट असायचं."

मी राग गिळला. "मग एवढंच तुमच्या सहीनिशी लिहून द्या."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तेवढं नक्को, ताई. पेन्शन बँकेतूनच येते."

तक्रार त्यांनी सुंदर अक्षरात लिहिली. पुरावा नाही म्हणून ती फेटाळली गेली. आता जिन्यात भेटले की ते अंग चोरून मला वाट देतात, आणि मी नमस्कार करत नाही.