चौथा भाग बापूसाहेबांकडे

रिसोडला आमच्या वाचनालयात पुस्तकं वाढत नाहीत, किस्से वाढतात. पुस्तकांना ग्रँट लागते, किस्स्यांना नुसते म्हातारे पुरतात. कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी रोज तिथेच असतो, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर.

बहुतेक किस्से एकाच कादंबरीचे. जुनी फ्रेंच, मराठीत चार भाग. बावळट राजा, देखणी राणी, कारस्थानी मंत्री आणि राणीच्या एका शब्दावर जीव ओवाळून टाकणारा तरणा तलवारबाज. तीन भाग मी चार दिवसांत संपवले. तिसऱ्याच्या शेवटच्या पानावर मंत्र्याने गड्याला तुरुंगात टाकलं, सकाळी फाशी! आणि चौथा भाग? अध्यक्ष बापूसाहेबांच्या घरी. किती वर्षांपासून, ते रजिस्टरलाही माहीत नाही.

*

गुरुजी म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, कमिटीचे मेंबर. राणी तलवारबाजाला एकांतात भेटते ती पानं त्यांनी खळ लावून चिकटवली. "पोट्टे बिघडतात!" पण माणूस शिस्तीचा, म्हणून चिकटवलेल्या पानांचे नंबर कव्हरच्या आत लाल शाईने लिहून ठेवले.

आता गावातला पोट्टा सगळं पुस्तक वाचायच्या भानगडीत पडत नाही. नंबर पाहतो आणि पान चहाच्या किटलीच्या वाफेवर धरतो!

*

गळक्या छताची दुरुस्ती सरकार मनावर घेईना. कमिटीतल्या चौघांनी, अध्यक्षांसकट, टेबलावर हातावर हात ठेवून शपथ घेतली, अगदी कादंबरीतल्यासारखी. राजीनामे द्यायचे, तेही एकदम!

गुरुजींनी पहिला दिला. बाकी तिघांनी तो एकमताने मंजूर केला.

*

बापूसाहेबांचं भाषण. "त्या काळी शब्द म्हंजे शब्द! तुमच्यात हाये का ती धमक? कॉलेज पुरं करनं होत नाई तुमच्यानं!"

मी उठलो. "चौथा भाग कधी देता?"

"सोमवारी. शब्द देतो."

सात सोमवार गेले.

*

आठव्या सोमवारी मी सरळ घरी गेलो. पुस्तक त्यांच्या उशाशी. शेवटची वीसेक पानं उरलेली, तिथे एसटीचं पिवळं पडलेलं तिकीट खुणेला.

"काहून अडवून ठेवलं?" मी ओरडलोच. "इतक्या वर्सांत वीस पानं झाली नाईत तुमच्यानं? अन् आमाले धमक शिकवून राह्यले!"

म्हातारा चिडला नाही. पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तूच वाच. गडी जगला, तं पुस्तक मले आणून दे. मेला, तं लायब्ररीत जमा कर. तोंडानं काई सांगू नोको."

बुधवारी सकाळी मी चौथा भाग लायब्ररीच्या टेबलावर ठेवला. समोर बापूसाहेब पेपर वाचत बसलेले. त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, पेपरची घडी केली, उभे राहिले आणि डोक्यावरची टोपी काढली.

शेजारी बसलेले गुरुजी घाबरले. "कोन गेलं, बापूसायेब?"

"आपल्यातलाच होता!"