संदर्भ काढून टाका

"आमच्या पेपरचा संदर्भ द्या हो" अशी आर्जवं करणारे संशोधक मी पुष्कळ पाहिले. "कृपया माझा संदर्भ काढून टाका" असं लोकांना हात जोडून लिहिणाऱ्या मात्र आमच्या मॅडम एकट्याच. निवृत्तीनंतर भाईंदरला मोरवा गावातल्या घरी ओटीवर लॅपटॉप घेऊन त्या हाच उद्योग करत बसायच्या. शेजारच्या चहावर साय धरायची, पण पत्र पुरं झाल्याशिवाय कपाला हात लागत नसे.

मॅडम मिठागरवाल्यांच्या घरातल्या, त्यामुळे जीभही खारट. मी त्यांची पहिली विद्यार्थिनी, जवळच्याच पेणकरपाड्याची. प्रयोगशाळेत आम्ही यकृताच्या पेशी वाढवून त्यांच्यावर औषधं तपासायचो. टेबलावर दोन जातींच्या पेशींच्या बाटल्या एकदम उघडल्या, की मॅडम अंगावर येत. "एका वेळी एकच बाटली! शेजारी ठेवल्या, तर एकमेकींच्या घरात शिरतात त्या." एवढं सोवळं मी देवघरातही पाहिलं नाही.

आमचा एक पेपर भलताच गाजला. देशोदेशीचे संशोधक आपल्या पेपरात त्याचा संदर्भ देऊ लागले. आमच्या धंद्यात या संदर्भांच्या आकड्यावर माणसाची किंमत ठरते, बढतीसुद्धा. मॅडमचे थोरले भाऊ, म्हणजे दादा, तर नाक्यावर सांगत सुटायचे, "आमच्या बायचा पेपर परदेशान वाचतान!" त्यातलं अक्षर त्यांना कळत नव्हतं, पण आकडा रोज विचारायचे.

प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर आली आणि मॅडमना शंका आली. आमच्या पेशी जरा जास्तच जोमाने वाढत होत्या. तपासणी केली, तर त्या यकृताच्या नव्हत्याच! दुसऱ्या प्रयोगशाळेतून आम्हाला मिळाल्या, त्याआधीच तिथे त्यांच्यात भलत्या पेशी शिरल्या होत्या. बाटलीचं एवढं सोवळं पाळणाऱ्या बाईच्या नशिबी हे यावं! आणि घरात आलेल्या पेशी आधी तपासायच्या, हेच नेमकं आमच्याकडून राहून गेलं होतं.

"मुलाखत होऊ दे, मग बघू," असं वरिष्ठांनी सुचवलं. मॅडमनी त्याच दुपारी पेपर मागे घेतला. प्राध्यापकपद गेलं. मी रडकुंडीला येऊन विचारलं, "मॅडम, थोडं थांबला असता तर?"

"अगं, चिखल लागलेलं मीठ बाबा गोणीत भरू देत नसत," त्या म्हणाल्या. "लोक खाणार असतात ते." मग तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत बसल्या.

गंमत अशी, की पेपर मागे घेतला तरी संदर्भ थांबेनात. लोक मूळ पेपर उघडत नाहीत, दुसऱ्याच्या यादीतून उचलतात. आकडा वाढला की दादा खूश आणि मॅडम कावलेल्या. "उद्या कुणी याच्या भरवशावर औषध काढलं म्हणजे?" असं पुटपुटत त्या पत्र लिहायला घेत. उत्तरं क्वचितच यायची. मी चिडायचे. त्या म्हणायच्या, "उत्तर नको गं मला. चूक काढून टाकली, म्हणजे झालं."

मॅडम गेल्या. त्यांची फार आठवण येते, बाटली उघडताना तर हमखास. पत्रं आता मी लिहिते. परवा परदेशातल्या एका मुलीचं उत्तर आलं. तिने संदर्भ काढला होताच, शिवाय आपल्याकडच्या पेशी तपासल्या, तर त्याही भलत्याच निघाल्या! सगळं काम ती नव्याने करणार होती. "तुमच्या मॅडमचे पेपरात आभार मानू का?" असं तिने विचारलं होतं.

ते उत्तर घेऊन मी मोरव्याला गेले. दादा ओटीवरच होते. मी मराठीत सांगितलं, त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. डोळे पुसून आकड्याचा जुनाच प्रश्न विचारला, "मंग आकरा वारला का गो?"

"नाही, दादा. आभार आकड्यात धरत नाहीत."

दादा मॅडमच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले.

"मंग घालू दे नाव," ते म्हणाले. "बायला चाललं असतं."